बुडबुडे वाढले कसे?

शर्वाणी घोडकेचा फायदा साधा होता. एकवीस दिवसांत भाताच्या तुसाच्या कोळशाने कमाल दाखवली, तर बारा वर्षांच्या या मुलीला विद्यापीठाच्या ऊर्जा-प्रयोगशाळेत कायमची जागा. मुजावर मॅडमचा फायदा मोठा होता: अकरा वर्षांचं संशोधन खरं ठरणार आणि प्रयोगशाळेला लागणारं कुलूप टळणार. टकळी या यंत्रमानवाला काहीच मिळणार नव्हतं, म्हणून तिला खरं बोलणं परवडायचं.

साल २०६४. काचेच्या भांड्यात आम्ल मिसळलेलं पाणी. त्यात एका बाजूला कोळसा आणि निकेलचा लेप दिलेली पट्टी, दुसऱ्या बाजूला प्लॅटिनमची तार. वीज सोडली की पाणी फुटायचं आणि लेपावर हायड्रोजनचे बुडबुडे यायचे.

“पाणी फोडणं म्हणजे घाट चढणं,” मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ) त्या घाटात बोगदा काढतो. जायचं तिथेच, पण कमी दमात. प्लॅटिनम हे काम झकास करतं, पण ते फार दुर्मीळ. तूस गावोगाव पडलेलं असतं.”

पहिल्या दिवशी तासाला चार मिलिलिटर वायू मिळाला. अठराव्या दिवशी एकोणीस! प्रयोगशाळा चालू ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीला मॅडमनी आनंदाने पत्र धाडलं.

“बोगदा झिजत नाही, मान्य,” टकळी म्हणाली. “पण रोज रुंद होतोय तो कसा? खणतंय कोण, बाईसाहेब?”

“तू गप गं!” शर्वाणी खेकसली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी तिने तार काट्यावर ठेवली. वहीत पहिल्या दिवशी नोंदलेल्या वजनापेक्षा तीन मिलिग्रॅम कमी!

आम्लपाणी वाया घालवायचं नाही, हा मॅडमचा काटकसरीचा नियम. त्यामुळे अठरा दिवस तेच पाणी. वीज वाहताना तारेतलं प्लॅटिनम कणाकणाने त्यात विरघळलं, पलीकडे गेलं आणि लेपावर जाऊन बसलं. राबत होतं प्लॅटिनम, नाव होत होतं तुसाचं.

शर्वाणीने नवा लेप, ताजं पाणी आणि तारेच्या जागी ग्रॅफाइटची कांडी घेतली. तीन दिवस मोजलं. चार, तीन, तीन.

“मॅडम, समिती दुपारी येतेय,” ती रडवेली झाली. “आज नाही सांगितलं तर?”

मॅडमनी भांड्याची वीज बंद केली. “तर उद्या गावोगाव लोक तुसाचे लेप देतील आणि बुडबुड्यांची वाट बघत बसतील. आण ती वही.”

समितीने ऐकून घेतलं, चहा घेतला आणि संध्याकाळी कुलूप लावलं. शर्वाणीला मात्र दारातच उमगलं: न संपणाऱ्या पदार्थाचं काम आपोआप वाढू लागलं, तर दुसरीकडे काय घटतंय ते आधी बघायचं. पुढे कुणी तूस हाती घेतलंच, तर सुरुवात खोट्या एकोणीसपासून नाही, खऱ्या तीनपासून करेल.

त्या तीनसाठी तारेने तीन मिलिग्रॅम दिले, शर्वाणीने जागा दिली आणि मॅडमनी अकरा वर्षं. समितीचं काहीच गेलं नाही.