एकदा नकार, मग होकार

सिस्टरच्या जोडीदारणीने ऐन परीक्षेच्या तोंडावर लग्न ठरवलं आणि क्लासला रामराम ठोकला. आता आली का पंचाईत! परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी हवी तर तिथली भाषा यायला हवी, आणि त्या भाषेची तोंडी परीक्षा जोडीनेच द्यायची असते. सिस्टर वर्गात तोंड पाडून बसली होती, तेवढ्यात दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. हाताला ग्रीस लागलेलं, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

"लिफ्ट दुरुस्त झाली," तो क्लासच्या सरांना म्हणाला. मग जरा घुटमळला. "आणि... मलाही हीच परीक्षा द्यायचीय. घरी मोबाइलवर शिकलोय थोडंफार."

सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी त्याला सिस्टरशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि जोडी जमली असं जाहीर करून टाकलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सिस्टरने पुस्तकात डोकं खुपसलं खरं, पण तिचे कान लाल झालेले सगळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून क्लासमध्ये त्याचं नाव लिफ्टवाला पडलं.

सरांची एक ठरलेली रीत होती. परीक्षेत एक विषय देतात आणि दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने एकदा नकार देऊन कारण सांगायचं आणि शेवटी दोघांचं एकमत व्हायलाच हवं. एकमत नाही तर दोघंही नापास. त्यामुळे रोज संध्याकाळी ही दोघं एकमेकांना नाही म्हणायची आणि मग हो म्हणायची.

"रविवारी तळ्यावर जाऊ."

"नको. माझे पाय दुखतात."

"मग बाकावर बसू."

"ठीक आहे. तसंच करू."

आणि त्या रविवारी, सरावाच्या नावाखाली, ती दोघं खरोखरच तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसली. सराव बाजूलाच राहिला. तिने वॉर्डातलं सांगितलं. निम्म्या मैत्रिणी परदेशी गेलेल्या, उरलेल्यांवर दुप्पट खाटा. तिकडे म्हाताऱ्यांचा देश झालाय, करायला हात नाहीत, म्हणून इकडचे हात तिकडे जातात आणि इकडे खाटेशी कोणी उरत नाही. ती जाणार हे कळल्यापासून मोठ्या सिस्टर तिच्याशी नीट बोलत नव्हत्या, आणि त्यांचं चुकतंय असंही तिला वाटत नव्हतं. पण आणखी दोन वर्षं अशीच काढली तर आपणच एखाद्या खाटेवर आडवं होऊ, असं ती हसत म्हणाली. तो हसला नाही. त्याचे वडील तो लहान असल्यापासून परक्या देशात लिफ्ट बसवत होते. घर त्यांच्याच पैशांवर उभं राहिलं, पण त्यांच्याशी ओळख फोनवरचीच. बोलता बोलता त्याने तिच्या केसांत अडकलेलं पान अलगद काढलं... आणि तिने ते त्याच्या हातून घेऊन पुस्तकात ठेवलं.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि त्याने बॉम्ब टाकला. आपण परीक्षेला बसूच असं नाही, म्हणाला. आईला एकटं टाकून जायचं म्हणजे वडिलांनी केलं तेच पुन्हा करायचं. तिकडच्या इस्पितळाने तिची जागा या परीक्षेपर्यंतच राखून ठेवली होती.

"मग इतके दिवस आलास कशाला?" ती ताडकन म्हणाली.

त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "ते तुला कळत नसेल तर... राहू दे."

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. जोडीदार आला नाही तर परत पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर तिचा जीव त्या जागेसाठी टांगणीला लागलाच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी त्यांचा पुकारा झाला तेव्हा तो धापा टाकत जिना चढून आला. इस्त्रीचा शर्ट, नजर खाली. बोलायला सवडच नव्हती. परीक्षक बाईंनी विषय दिला : एक मित्र दूर राहायला जातोय, त्याच्या निरोपाचा बेत ठरवा.

"फुलं आणू," त्याने त्या परक्या भाषेत सुरुवात केली.

आता तिने नकार द्यायचा, कारण सांगायचं. घोकलेली सगळी कारणं डोक्यातून पसार झाली.

"नको," ती म्हणाली. "मित्राला फुलं नको."

"मग काय हवं?"

"मित्राला... तू हवास. तू पण चल."

त्या भाषेत तिला साधी वाक्यंच येत होती, त्यात काही लपवायची सोय नव्हती. बाईंनी चमकून वर पाहिलं. हा निरोपाचा बेत नव्हता. आपण हातचं घालवलं, हे सिस्टरला कळून चुकलं.

"माझी आई आहे," तो हळूच म्हणाला. नकार आणि कारण, दोन्ही.

"आईला विचारू."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तसंच करू."

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं. "ते मार्कांसाठी होतं का?" तिने विचारलं.

"हो. तुझी जागा जायला नको होती."

तिने मान हलवली, पर्स उचलली आणि ती जिन्याकडे वळली. रडायचंच असेल तर निदान त्याच्यासमोर नको.

"थांब ना," तो मागून म्हणाला. "मार्कांचं संपलं. आता आपल्या भाषेत विचार."

ती वळली. "मला तू आवडतोस. तुझ्याशिवाय जायचं या विचाराने झोप येत नाही मला. येशील?"

तो भिंतीला टेकला. "काल आईला विचारलं. ती म्हणाली, तुझे बाबा निघाले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. जा. पण एकटा जाऊ नकोस. एकटा गेलेला माणूस घरी येतो तो पाहुणा होऊन."

"मग माझा फोन का नाही उचललास?"

"तुला मी परीक्षेपुरताच हवा होतो की... ते विचारायची भीती वाटली."

"मठ्ठ आहेस," ती म्हणाली. रडू आणि हसू एकदमच आलं. मग ते दोन्ही थांबलं. "आणि तुझ्या आई? त्या एकट्याच राहणार?"

"हो," तो म्हणाला.

तिने त्याचा हात धरला.

"मला आत्ता त्यांच्याकडे घेऊन चल. मलाही त्यांना विचारायचंय."

"काय?"

"तुमच्या मुलाला घेऊन जाऊ का म्हणून."