दोन अर्ध्या किल्ल्या

किल्लीचे आकडे दाबताना गुरुदास उजवा अंगठा मुठीत दुमडून घेई. हे कावेरीला ठाऊक असायला नको होतं. एकानं आपली अर्धी किल्ली यंत्रात भरताना दुसऱ्यानं खिडकीकडे तोंड करायचं, असा नियम. दोन्ही अर्ध्या जुळल्या, की मालवण केंद्राचे संदेश उपग्रहावरून सांकेतिक होऊन पुण्याला जात. अख्खी किल्ली दोघांपैकी कुणालाच कळत नसे. पण खिडकीला काच होती... आणि काचेत तो दिसे.

पहिल्यांदा आला तेव्हा दारातच म्हणाला होता, "किल्लीचं काम आहे." तिनं त्याला सरळ अडकलेल्या कपाटापाशी नेलं. त्यानं मुकाट्यानं ते उघडून दिलं आणि मगच पुण्याच्या मुख्य केंद्राचं ओळखपत्र दाखवलं.

तेव्हापासून किल्ली बदलायला तोच येई. मूळचा जामसंड्याचा. दिवाळीत त्यानं लग्नाचं विचारलं होतं. ती "बघूया" म्हणाली, आणि ते बघणं लांबतच गेलं.

आज आपला भाग भरून झाल्यावर तो म्हणाला, "यापुढे मी येणार नाही."

"बदली?"

"नाही. देशभर केंद्रं वाढली. एसटीनं किती किल्ल्या वाहायच्या? आज ही मोठी किल्ली बसली, की पुढच्या सगळ्या तिच्यात बंद होऊन उपग्रहावरूनच येतील."

"सोयीचं आहे."

"यंत्राला."

तो खिडकीकडे वळला. कावेरीनं आकडे भरले. लाल दिवा लागला.

"चुकलात?" पाठमोराच तो म्हणाला. "आता कपाटवाल्याक बोलवूक व्हया."

"कचेरीत मालवणी नको, साहेब."

"बरं. पुन्हा भरा. चुकलं म्हणून यंत्र रागवत नाही."

ती कधी चुकत नसे. चुकू नये म्हणूनच तर इतके दिवस गप्प होती. तिनं सावकाश पुन्हा आकडे भरले. हिरवा दिवा लागला.

गुरुदासनं पिशवी आवरली. "आईंना विचारलंत?"

"तिनं केव्हाच होय म्हटलं. फक्त विचारत होती, पुण्यात ताजो बांगडो गावता काय."

"मग अडलंय कुणाचं?"

"माझं."

तो पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेला, चपला शोधू लागला.

"गुरुदास—"

नावानं हाक ऐकून तो वळला.

"माका तुझ्याशी लगीन करूचा आसा," कावेरी म्हणाली.