अक्षदाची स्वस्तातली सुट्टी

"पाणी गेलं कुठं?" काकूंनी विचारलं, आणि अक्षदाने हातातली पिशवी खाली ठेवली.

समोर खाडी नव्हती. सकाळी नऊच्या उन्हात चकाकणारा चिखल होता, पार पलीकडच्या तिवरांपर्यंत, आणि त्या चिखलात एक बोट कुशीवर पडून झोपली होती. मागच्या शनिवारी याच वेळी अक्षदा मुद्दाम एकटी येऊन सगळं बघून गेली होती. बोटीचे माणशी किती, सावली कुठे, मुलांना लागलं तर आडोसा कुठे. तेव्हा पाणी काठाला टेकलं होतं. आता आईबाबा, काका-काकू, त्यांची दोन मुलं अशी स्वतःसकट सात माणसं, चार पिशव्या आणि बर्फ करून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन ती इथे उभी होती आणि पाणीच नव्हतं.

"आमच्याकडं बी नदी आटती," कोरेगावहून आलेले गोपीनाथकाका विचार करत म्हणाले, "पण उन्हाळाभर घेती. ही आठ दिसांत आटली?"

मागून कोणीतरी हसलं. अक्षदा गर्रकन वळली. हातात जेवणाचा डबा घेतलेला, उन्हाने रापलेला एक तरुण हसू गिळायचा प्रयत्न करत होता आणि ते काही त्याला जमत नव्हतं.

"सॉरी… तुम्ही मागच्या शनिवारी आलेलात का? नऊला?"

"हो. आलेले. पाणी होतं तेव्हा."

"असणारच. द्वादशी होती. बरोबर सात दिवसांनी आलात म्हणून फसलात. दोन दिवस आधी आला असतात तर निदान अर्धी बोट तरी तरंगली असती." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "आज कोणती तिथी?"

"चतुर्थी," आई पटकन म्हणाली. तिचा उपास होता.

"तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. चारच्या पाऊणपट किती? तीन. म्हणजे तीनला भरती, इथपर्यंत वर यायला अर्धा तास. साडेतीनला या, माझा आजा फिरवून आणेल."

पस्तीस वर्षं चतुर्थी धरणाऱ्या आईला ती तिथी खाडीलाही लागू आहे हे आजच कळत होतं. तिने अशा कौतुकाने त्या मुलाकडे पाहिलं की अक्षदाला रागच आला. तिचा स्वतःचा सगळा बेत मात्र चिखलात रुतला होता. वर्तकनगरहून दोन बस बदलून इथे यायचं, दहाच्या आत फिरून घ्यायचं, ऊन चढायच्या आधी घरी. तीन दिवस, सात माणसं, एकही हॉटेल नाही. असा बेत घोडबंदर रोडच्या आपल्या थंडगार ऑफिसात बसून महिनाभर तिने आखला होता.

आणि तो बिघडून चालणार नव्हता. बंगळूरहून आलेली एक मेल चार दिवस तिच्या मोबाइलमध्ये पडून होती. नोकरी पक्की, सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवा. घरात अजून कोणाला माहीत नव्हतं. जायचंच ठरलं तर आईबाबांना निदान एक चांगली सुट्टी देऊन जावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. हो म्हटलं तरी जीव तुटत होता आणि नाही म्हटलं तरी.

"तोपर्यंत आमच्या ओटीवर बसा," तो म्हणाला. "घर हे मागेच. आई पन्हं देईल."

"किती घेणार?" अक्षदाने विचारलं.

"कशाचे? बसायचे?"

"पन्ह्याचे."

"आई पैसे घेत नाही. फक्त म्हणावं लागतं की असं पन्हं आम्ही कुठेच प्यायलो नाही. ते मात्र खूपदा म्हणावं लागतं."

त्याचं नाव नयन. बोट त्याच्या आजाची, भिवा आजोबांची. घराबाहेर एक पिवळी व्हॅन उभी होती, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. तीन ग्लास पन्हं पिऊन झाल्यावर अक्षदाची नजर त्या व्हॅनवर जी खिळली ती हलेना.

"ही मे महिन्यात नुसती उभी असते?"

"शाळा बंद ना."

"मग उद्या-परवा… आम्हाला उपवन, नंतर कल्याण… म्हणजे तुम्ही काय घ्याल?"

"गॅस तुमचा. ड्रायव्हर फुकट."

"फुकट का?" तिला फुकट गोष्टींचा फार संशय यायचा.

"मुलं नसली की गाडीत आवाजच नसतो. करमत नाही मला." मग तिच्याकडे नीट बघत म्हणाला, "आणि एवढा घाम गाळून कोणाला पैसे वाचवताना मी आजवर पाहिलं नव्हतं. पुढे काय करताय ते बघायचंय."

साडेतीनला खरंच पाणी आलं. भिवा आजोबांनी सगळ्यांना हात देऊन बोटीत घेतलं. अक्षदाने सहांचेच पैसे दिले आणि ती काठावर राहिली.

"तुम्ही?" नयनने विचारलं.

"मी मागच्या वेळी केली सैर."

"मागच्या शनिवारी बोट सुटलीच नाही. आजा लग्नाला गेलेला."

अक्षदाने मोबाइल काढून उगाचच वेळ बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सगळे उपवनच्या तळ्यावर. ऊन कोवळं, गर्दी नाही. घरून आणलेले पोहे काकूंनी पायरीवर बसून वाढले. तिथून येऊरच्या पायथ्याशी आणि दुपारी जेवायला प्राचीआत्याकडे. नयनच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"तुमची पद्धत कळली मला. आधी नातेवाईक शोधायचा, मग त्याच्या जवळचं प्रेक्षणीय स्थळ."

"मग? सात जणांचं बाहेर जेवण किती होतं माहितीये?"

"आणि उद्या कल्याणजवळ मोहन्याला कोण आहे?"

"मामा," ती म्हणाली, आणि दोघंही एकदमच हसली.

परतताना घोडबंदर रोडवर जाम लागला. एरवी या जाममध्ये अक्षदा नखं खायची. आज मुलं मागे झोपली होती, काका घोरत होते, बाबांची मान कलली होती. समोरच्या आरशात नयनचे डोळे दिसत होते… मधूनच तिच्याकडे वळणारे, मधूनच रस्त्यावर जाणारे.

"तुम्ही सारखं मोबाइलमध्ये काय बघता?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही."

"कोणी वाट बघतंय?"

"तसलं कोणी नाही," ती इतक्या घाईने म्हणाली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी कुठे तसलं म्हटलं?"

आरशातले डोळे हसले. ती खिडकीबाहेर बघू लागली, पण तिथे नुसते उंच टॉवर होते आणि तिला त्यांच्यातलं काही दिसत नव्हतं. तिला तो आवडू लागला होता. दीड दिवसात, आणि तेही आत्ता, जेव्हा दीड दिवसच उरला होता. तिला स्वतःचाच संताप आला.

सोमवारी कल्याण. दुर्गाडी किल्ल्यावर सकाळचा वारा खाऊन सगळे मोहन्याला रतनमामींकडे पोचले. मामींनी सगळ्यांना वाढलं, नयनला जरा जास्तच वाढलं, आणि भाताचा दुसरा घास घेऊ द्यायच्या आत विचारलं, "हा पगारावर आहे, का असाच?"

"असाच," नयन म्हणाला.

"असाच कसा रे? आमची अक्षदा अशीच कोणाला मीठपण देत नाही."

आई हसली. बाबा, म्हणजे महिपतराव, यांनी मात्र ताटातून मान वर केली नाही. अक्षदाने मोबाइलमध्ये वेळ बघितली. सहा वाजायला चार तास उरले होते.

संध्याकाळी पाचला काळा तलाव. मुलांनी बोटींकडे धाव घेतली. अक्षदाने खिडकीतून सहा तिकिटं आणून बाबांच्या हातात दिली आणि स्वतः कट्ट्यावर बसली. नयन शेजारी येऊन बसला, मध्ये एक पिशवी ठेवून.

"तीन दिवस बघतोय मी. सगळ्यांचं सगळं धरता तुम्ही. स्वतःला कुठेच धरत नाही."

हे वाक्य तिला कुठे लागलं कोण जाणे. ती बोलत सुटली. बंगळूर, मेल, सहा वाजता संपणारी मुदत, आईचा गुडघा, बाबांचं निवृत्त होणं, आणि तिथे जाऊन काम करायची तिची स्वतःची… केवढी तरी इच्छा. घरात कोणाला बोलली नव्हती ते सगळं.

नयन ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं."

"बरं? एवढंच?" तिचा आवाज चढला. "थांबा म्हणा ना. निदान तुमच्याशी भांडता तरी येईल मला."

"नाही म्हणणार." त्याने तळ्याकडे बघितलं. "मला जहाजावर नोकरी लागलेली. चार वर्षं झाली. आजा म्हणाला, थांब. थांबलो. आजाला मी कधी एक शब्द बोललो नाही, पण मनात रोज एकदा बोलतो. त्याच्या हाताला हात लावून बोट ढकलतो तेव्हापण बोलतो. तुम्ही मला तसं रोज बोलावं… ते मला नाही सोसणार."

अक्षदाच्या मनातली सहा दिवसांची धडपड एकदम थांबली. जायचं होतं तिला. कोणाच्या भल्यासाठी वगैरे नाही, तिला स्वतःला जायचं होतं. पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी तिने 'हो' लिहिलं आणि पाठवून दिलं.

"पाठवलं?"

"पाठवलं."

"नक्की? परत घेता येत नाही ना?"

"नाही येत. का?"

"मग आता सांगतो." त्याने मधली पिशवी उचलून पलीकडे ठेवली. "मला तुम्ही आवडता. शनिवारी चिखलाकडे बघून रडकुंडीला आलेलात ना, तेव्हापासून. पाच मिनिटं आधी बोललो असतो तर ते अडवणं झालं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. "रडकुंडीला नव्हते आले मी."

"आलेलात."

"काल जाममध्ये…" ती अडखळली, "मी देवाला म्हणत होते, हा सुटू देऊ नको. एवढा मूर्खपणा मी जन्मात केला नाही."

"मी मुद्दाम लेफ्टची लेन पकडलेली. ती कधीच हलत नाही."

"गॅस जळत होता ना माझा!"

"म्हणून तर म्हटलं, आता कबूल करून टाकावं." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "दिवाळीत शाळांना तीन आठवडे सुट्टी असते. मी बंगळूरला येईन. नाही आलो तर तू जाब विचार."

सगळे बोटीतून उतरून, तळ्याभोवती चक्कर मारून आले तेव्हा अंधार पडायला लागला होता. करिश्माला आणि तिच्या भावाला कुल्फी हवी होती, काका चप्पल शोधत होते. अक्षदा उभी राहिली. नंतर सांगू म्हटलं तर ती कधीच सांगणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, मला बंगळूरला नोकरी लागलीये. मी आत्ताच हो कळवलं." दम घेतला. "आणि… नयन मला आवडतो."

काकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. आईने तोंडावर पदर धरला. नयन ताठ उभा राहिला; शाळेत पोरांना उशिरा पोचवल्यावर मुख्याध्यापकांसमोर असाच उभा राहत असेल. बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, खूप वेळ. मग त्याच्याकडे. ते वळले आणि व्हॅनकडे चालू लागले.

दोन दिवस बाबा पुढच्या सीटवर बसत होते. त्यांनी आज मागचं दार उघडलं, वाकून आत शिरले आणि मुलांच्या मध्ये अंग चोरून बसले.

"अहो, पुढे बसा ना," आई म्हणाली. "तिथे गुडघे आखडतील."

"अक्षदाला बसू दे," बाबा म्हणाले. "पुढं मला ऊन लागतं."

तळ्याकाठचे दिवे केव्हाच लागले होते.