वीस किलोची प्लेट

"ओ काका, बाजूला व्हा ना जरा, माझं वजन करायचंय."

एप्रिलचे दिवस, लालबाग, कमलाबाईंचं मिरची कांडपाचं दुकान. गंधार विजयकर काट्याचं झाकण उघडून उकिडवा बसला होता. वजनकाटे तपासणं-दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. गिरगावातलं त्याचं घराणं वकील-डॉक्टरांचं, हा एकटाच पाना-पकड घेऊन हिंडणारा. वय अठ्ठावीस. काका म्हणून हाक मारणारं कोण ते बघायला तो वळला आणि लागोपाठ तीन वेळा शिंकला.

"सॉरी हं... मागून काका वाटलात."

"आणि पुढून?"

"पुढून काय... नुसते शिंकताय." ती हसली. खांद्याला बॅग, मनगटांना पट्ट्या, केस घट्ट बांधलेले.

"झिला, तिचा आधी बघ," कमलाबाई आतून ओरडल्या. "अनुजा गावडे ती. वेटलिफ्टिंगची स्पर्धा असा तिची. व्यायामशाळेतलो काटो कधीचोच बिघडलो, म्हणान रोज माझ्याकडे येता."

अनुजा चपला काढून काट्यावर उभी राहिली. अठ्ठावन्न किलो नऊशे. तिचा चेहरा पडला. अठ्ठावन्नच्या गटात उतरायचं होतं, आणि स्पर्धा जूनअखेर.

"हा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय," गंधार म्हणाला. "म्हणजे खरे अठ्ठावन्न पाचशेच."

"खरंच? काका, तुमच्या तोंडात साखर पडो!"

आजवर त्याने ज्याला ज्याला खरं वजन सांगितलं होतं, त्याने कपाळाला आठ्याच घातल्या होत्या. ही पहिलीच, जी हसली होती. गडी तिथेच गारद झाला.

काटा एकदा दुरुस्त केला की वर्षभर बघावा लागत नाही. कमलाबाईंचा काटा मात्र गंधारला एक दिवसाआड बघावा लागू लागला. "माझो काटो आजारी असा की तू रे?" त्या विचारायच्या. मग तो अनुजासोबत परळच्या व्यायामशाळेपर्यंत चालत जायचा, आणि हळूहळू आतही जाऊ लागला. तिथे शिकवणारे रघुसर सत्तरीचे, त्यांना आकडे लिहून ठेवायला कोणीतरी हवंच होतं. कोणत्या दिवशी किती वजन, किती वेळा, किती विश्रांती... सगळं गंधारच्या वहीत आलं. तिची उकडलेली अंडी मोजणं आणि तिच्या हातातला वडापाव काढून घेणं हेही त्याच्याकडेच आलं.

"तू फार दुष्ट आहेस रे," ती म्हणायची.

"गटात बसायचंय ना?"

"बसेन रे... पण वास तरी घेऊ दे!"

हे सगळं हसण्यावारी चालायचं, पण त्यातली मेख दोघांना ठाऊक होती. ऑगस्टमध्ये अनुजाला पंचवीस पूर्ण होणार होती. खेळाडूंसाठी राखीव जागेवरच्या नोकरीची वयोमर्यादा तीच; अर्ज करायचा तर त्याआधी राज्य स्पर्धेचं पदक हवं. पहिल्या तिघींत आली तर नोकरी, नाही तर तो दरवाजा कायमचा बंद. तिचे वडील जयवंत दोन ठिकाणी वॉचमनची ड्युटी करून तिच्या खुराकाचं बघत होते.

आणि त्या प्लेटा. व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेटा अनुजाच्या आजोबांनी ओतलेल्या होत्या. ते गिरणीच्या ओतशाळेत होते, तिथल्या कामगारांनी मिळून व्यायामशाळेला त्या भेट दिल्या होत्या. प्रत्येकीवर वजनाचा उठावाचा आकडा, दहा नाहीतर वीस. उचलण्याआधी अनुजा त्या वीसच्या आकड्यावरून बोट फिरवायची, मगच बारला हात घालायची.

"माझ्या आजोबांच्या प्लेटांवर मार की तुझा तपासणीचा शिक्का," ती एकदा म्हणाली. स्पर्धेला पंधरा दिवस होते. नुकतेच तिने शहाऐंशी किलो क्लीन अँड जर्क केले होते, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर. चेहरा नुसता उजळला होता.

गंधारने गंमत म्हणून पिशवीतला काटा काढला. ती मनगटाच्या पट्ट्या सोडत होती. वीसची प्लेट काट्यावर ठेवली. अठरा किलो नऊशे. दुसरीही तेवढीच. दहाच्या साडेनऊ. पन्नास वर्षं आपटून आपटून काठ उडाले होते, गंजाने खाल्ले होते... की ओततानाच कमी पडलं होतं, कोण जाणे. म्हणजे आजचे शहाऐंशी हे शहाऐंशी नव्हतेच, जेमतेम त्र्याऐंशी.

"काय रे, बरोबर ना?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर हे कसं ओतायचं?

"बरोबर," तो म्हणाला.

"वाटलंच होतं मला." ती जवळ आली आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा गंज हलकेच झटकत राहिली... झटकून झाल्यावरही. "पदक आलं ना, की तुला एक सांगायचंय."

आता तर त्याची जीभ उचलेचना. उद्या सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले.

स्पर्धा दादरच्या हॉलमध्ये होती. आभाळ सकाळपासून दाटलेलं, पडत मात्र नव्हतं. अनुजाचं वजन सत्तावन्न आठशे भरलं. पण स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका दमात डोक्यावर, ते त्रेसष्ट किलो तिसऱ्या प्रयत्नात कसेबसे पास झाले. मधल्या दहा मिनिटांत ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

"गंधार, आज सगळं एवढं जड का लागतंय रे?"

गंधार वहीची पानं चाळू लागला.

"सर विचारतायत, चौऱ्याऐंशीने सुरुवात करू की खाली आणू? आत्ताच सांगावं लागेल. एकदा प्रयत्न झाला की आकडा खाली येत नाही. तू सांग. आकडे तुझ्याकडे असतात."

सांगायची ती वेळ होती. पण आता सांगायचं म्हणजे पंधरा दिवस खोटं बोललो हेही सांगायचं, आणि तिचे डोळे तर त्याच्यावर विसंबलेले. गंधारने कच खाल्ली.

"टेन्शन आहे गं नुसतं... चौऱ्याऐंशीच."

"चल मग," ती उठली.

तिन्ही वेळा बार खांद्यापर्यंत आला. तिन्ही वेळा डोक्यावर जाता जाता कोसळला. तीनही फाउल, म्हणजे एकूण वजन नाही, क्रमांक नाही, काही नाही. तिसऱ्या क्रमांकाची मुलगी ऐंशी किलोवर पदक घेऊन गेली.

हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर अनुजा एकटीच बसली होती. गंधार एक पायरी सोडून खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. अठरा नऊशे, साडेनऊ, सगळं.

"कधीपासून माहीत होतं?"

"पंधरा दिवस."

"म्हणजे मघाशी मी विचारलं तेव्हापण..."

"हो."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी ऐंशीने सुरुवात केली असती," ती म्हणाली. "खरे ऐंशी मला रोज जातात. तुला काय वाटलं रे, मी ऐकून मोडेन? मी?"

"तू खूश होतीस... मला तुझा चेहरा—"

"पहिल्या दिवशी काट्यावर खरं बोललास, म्हणून आवडलास तू मला. हेच सांगायचं होतं पदक आल्यावर." तिने बॅग उचलली. "आता राहू दे."

त्यानंतर ती फोन उचलेना. ऑगस्ट आला, तिला पंचवीस पूर्ण झाली. कमलाबाईंकडून कळलं, कुरियरच्या ऑफिसात लागली म्हणून. कमलाबाईंनी त्याला दुसरं काही विचारलं नाही, काट्याचंही नाही.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी तिचा मेसेज आला. काटा घेऊन व्यायामशाळेत ये. गंधार धावतच गेला. ती जमिनीवर बसली होती, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा, हातात बारीक ब्रश. थोडी वाळली होती.

"एकेक प्लेट ठेव," ती म्हणाली. "आकडा मी वाचणार. तू नुसती उचलून ठेवायची."

त्याने मान डोलावली. पहिली प्लेट ठेवली. तिने वाकून काटा वाचला, दोनदा वाचला, आणि आजोबांच्या वीसच्या खाली नीट अक्षरात लिहिलं, अठरा नऊशे. वरचा वीसचा आकडा तिने पुसला नाही. त्यावरून नेहमीसारखं बोट फिरवलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार आहे," ती म्हणाली. "नोकरीसाठी नाही. असंच."

"अनुजा... तेव्हा जे सांगायचं होतंस..."

"ते आहे तसंच आहे." तिने वर पाहिलं नाही. ब्रश रंगात बुडवला, काठावर निथळवला. "पण तू म्हणशील ते खरं, असं मला परत कधी वाटेल... ते मला माहीत नाही, गंधार."

"मी थांबेन."

बाहेर रविवारचा रस्ता सुस्त होता. तो शेजारी उभा, ओल्या रंगाकडे बघत.

"पुढची ठेव," ती म्हणाली, आणि काटा वाचायला वाकली.