न आवडलेला आकडा

तो पिशवी बेसिनमध्ये रिकामी करणार, एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा... ते टाकू नका."

त्याने वळून पाहिले. दारात पांढऱ्या कोटातली एक मुलगी उभी होती. हातात बर्फाचा डबा, धावत आल्यामुळे चढलेला श्वास. पिशवीत त्याच्या ताईच्या पोटातून नळीवाटे उतरलेले तपकिरी-सोनेरी पित्त होते, आणि आपलीही काही मदत व्हावी म्हणून तो ते ओतून द्यायला निघाला होता.

"याचं तुम्ही करणार काय?"

"अभ्यास. लोक फुलं जपून ठेवतात... मी हे."

तो हसला आणि लगेच काखेतली उशी पोटाशी दाबून कळवळला. हसवू नका, टाके ओले आहेत, असे त्याने विनवले तेव्हा तिला उमगले, की ताईंना आपल्या यकृताचा भाग देणारा भाऊ तो हाच.

ताईने त्याच दिवशी तिचे नाव 'पित्तवाली' ठेवले. सकाळी दार वाजले, की ती खाटेवरून धाकट्याला केस नीट करायला सांगे. तो चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर. एकदा त्याने न विचारताच पित्तवालीचा चष्मा उतरवून त्याची दांडी सरळ केली.

"डावीकडे झुकत होता. की तुम्हीच झुकता?"

"चष्माच."

"अरेरे," तो म्हणाला. तिला मात्र पित्ताचा नमुना घ्यायला त्या दिवशी अंमळ जास्तच वेळ लागला.

ताईच्या शरीराने नवे यकृत परके मानून नाकारू नये, यासाठी तिला औषधे चालूच होती. पित्तातली आम्लेही या कामी मदत करतात का, हे पित्तवालीच्या विभागाला पडताळायचे होते. म्हणून काही रुग्णांना पित्ताम्लाची गोळी मिळे, तर काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे नमुने तपासणाऱ्यांनाही कळू दिले जात नसे.

आणि मग ताईचे डोळे पिवळे दिसू लागले. शरीर यकृत नाकारत असावे, अशी शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली आणि औषधे वाढवली.

"लहानपणी माझी खेळणी, माझा खाऊ, सगळं हिसकावून घ्यायची," तो पॅसेजमध्ये पित्तवालीला म्हणाला. "आता हौसेनं देतोय, तर नको म्हणतेय." मग खालच्या आवाजात, "तिला खरी गोळी मिळतेय ना? एवढंच सांगा."

"मला माहीत नाही."

"माहीत असतं तर सांगितलं असतं?"

"नाही."

त्याने मान फिरवली.

दुपारी प्रयोगशाळेत ताईंच्या नमुन्यातल्या पित्ताम्लांचा आकडा आधीपेक्षा उतरलेला आला. यंत्रात बिघाड नव्हता, मोजणीत चूक नव्हती. तरीही तिने तोच नमुना पुन्हा लावला. आकडा बदलला नाही. आपण हे का केले, हे तिला लख्ख कळले, आणि त्या कळण्याने ती हादरली. आकडा तिला आवडला नव्हता, एवढेच. ती उठली, मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली आणि घडले ते सांगून टाकले. बाई रागावल्या नाहीत. पण ताईंचे काम त्यांनी तत्काळ दुसऱ्याकडे सोपवले.

दुसऱ्या सकाळी ती रिकाम्या हाताने आली.

"डबा कुठाय?" त्याने विचारले.

"ताईंचे नमुने यापुढे दुसरं कुणी तपासेल."

त्याचा चेहरा उतरला. "काल मी बोललो म्हणून?"

"नाही. तपासणाऱ्यानं आकड्याकडून काही मागायचं नसतं. आणि मी मागायला लागलेय... ताईंसाठी. आणि —"

"पूर्ण कर की," डोळे मिटूनच ताई म्हणाली. "मी झोपलेय."

"आणि तुमच्यासाठी."

खोलीत एकच खुर्ची होती. उशी पोटाशी धरून तो सावकाश उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः खाटेच्या कडेवर टेकला. ताईच्या रक्ताचा अहवाल यायला अजून अवकाश होता. ती बसली, आणि आजवर ज्यांना ती नुसती ओलांडून जात असे, त्या नातेवाईकांसारखी दाराकडे डोळे लावून वाट पाहू लागली.