आठवी पास आणि तिगाव

पांढुर्ण्याच्या कलेक्टर ऑफिसात बाकावर बसले होते, आणि शेजारच्या बाईच्या मोबाइलमध्ये मला माझंच वाक्य दिसलं.

तिनं अक्षरं इतकी मोठी करून ठेवली होती की पडद्यावर एका वेळी दहा-बारा शब्दच मावत होते. न बघायचं म्हटलं तरी दिसलं असतं. ‘ह्या दोघांनी एकमेकांचा हात धरायला दोनशे पानं घेतली. माझी तक्रार नाही. संत्रंसुद्धा फुलापासून तोडणीपर्यंत नऊ महिने घेतं...’ बाईनं ओठ दाबून हसू आवरलं. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ती काहीतरी लिहू लागली.

लिहून झालं, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत माझा मोबाइल थरथरला.

मी सौसरला ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. शाळा आठवीपर्यंत, तीही हिंदीत. लिहायची मराठी रद्दीतल्या मासिकांवरून शिकले, आणि नंतर मोबाइलवरच्या कादंबऱ्यांवरून. त्यातली दोन पुरुषांच्या प्रेमाची पहिली कादंबरी चुकून उघडली गेली. पण मग सोडवेना. बाई-पुरुषाच्या प्रेमकथेत मला तिसऱ्याच पानावर कळतं की भांडी कोण घासणार. इथं दोघंही पुरुष... भांड्यांचं शेवटपर्यंत ठरत नाही. त्या एका उत्सुकतेवर मी चाळीस कादंबऱ्या वाचल्या आणि प्रत्येकीवर परीक्षण लिहिलं.

ॲपवर मी नाव घेतलं ‘आठवी पास’, आणि लिहायचे पुरुष बनून. बाईनं असलं लिहिलेलं खाली राहणाऱ्या शीतलवहिनीला कळलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तिच्या नवऱ्याला, वामनदादाला, आणि सकाळी अख्ख्या सौसरला.

वर्षापूर्वी माझ्या परीक्षणांखाली ‘तिगाव’ नावाचा कुणीतरी लिहू लागला. तिगाव म्हणजे पांढुर्ण्याच्या जवळचं, आगगाडी जिथं थांबते न थांबते ते गाव. म्हटलं, असेल रेल्वेतला कुणी तिशीतला पोरगा, घरच्यांपासून लपून वाचणारा. मी त्याला जेवलास का विचारायचे. तो मला विचारायचा, झोप येते का. एकदा त्यानं लिहिलं, ‘आपण भेटलो तर मी मान खाली घालून बसेन.’ मी लिहिलं, ‘मग मी जमिनीवरच बसतो, म्हणजे चेहरा तरी दिसेल.’ दोन दिवस मला माझंच हसू येत होतं. मी निवांत होते. तो पुरुषांवर जीव टाकणारा, मी खोटा पुरुष. ह्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

आता पिशवीतून मोबाइल काढून पाहिला. तिगावनं लिहिलं होतं – ‘नऊच महिने? मी तर वर्षभरापासून झाडाखाली उभा आहे.’

शेजारची बाई मोबाइल हातात धरून उत्तराची वाट बघत होती. पन्नाशी ओलांडलेली, जांभळी सुती साडी, कानामागं खोचलेले पांढरे केस, वरचा एक दात नसलेला.

मला धक्का बसायला हवा होता. बसलाही. पण वेगळाच... मला आनंद झाला होता. शिलाई मशीनवर सुई बोटात गेली की क्षणभर दुखत नाही, नुसतं गरम वाटतं, तसं काहीतरी. मी मोबाइल पिशवीत तळाशी ढकलला.

बाईनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, आणि न विचारता चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

“तुमचं काय काम आहे वो?” तिनं विचारलं.

“नवऱ्यानं सोडल्याचा दाखला पाहिजे. पेन्शनसाठी.”

“किती वर्सं झाले सोडून?”

“सव्वीस.”

“मंग आता कोनाले शंका आहे?”

मी इतकी हसले की समोरच्या शिपायानं वर पाहिलं. सव्वीस वर्षांत ह्या विषयावर मी पहिल्यांदाच हसत होते.

तिचं नाव उर्मिला. नवरा, गुणवंता, चार वर्षांमागं वारला. मुलगा अंकुर इंदूरला नोकरीत. तिगावचं घर त्याच्या नावावर करायचं अडकलं होतं, म्हणून ती दर मंगळवारी जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथं, अर्ज घेऊन यायची. घर नावावर झालं की मुलगा तिला घेऊन जाणार होता. पुढं तिगाव नाही. तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या आजाराचं सांगतं.

पुढच्या मंगळवारी मी रेशनकार्ड मुद्दाम घरी विसरून गेले. म्हणजे परत यावं लागेल. आमच्या नव्या जिल्ह्यात हे फार सोपं आहे. एक कागद कमी असला की एक मंगळवार जास्त मिळतो.

उर्मिलाताईनं माझ्यासाठी बाकावर पिशवी ठेवून जागा धरली होती. नंबर आला तशी ती खिडकीशी गेली. बाबूनं नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला. “घरीच राहिला साहेब,” ती म्हणाली. बाबू वैतागला, पुढच्या मंगळवारी या म्हणाला.

पण दाखला तिच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये होता. संत्रं काढताना मी स्वतः पाहिला होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर रेशनकार्डाचंही सांगावं लागलं असतं.

त्या आठवड्यात ॲपवर लिहिणं मला जड झालं. तिगाव विचारायचा, गप्प का? मी लिहायचे, काम आहे. आधी ती नुसती अक्षरं होती. आता त्या अक्षरांना जांभळी साडी होती, सुकी बोटं होती. सांगितलं तर ती तोंड फिरवेल. तिला सौसरचा एक एकटा पोरगा हवा होता, सत्तेचाळीस वर्षांची फॉलवाली नाही. नाही सांगितलं तर एका मंगळवारी दाखला फाइलीतून बाहेर येईल, आणि बाक रिकामा होईल. संध्याकाळी मशीन बंद केलं की घर इतकं शांत व्हायचं की खालच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायचे.

तिसऱ्या मंगळवारी तिनंच विषय काढला. बाकावर आम्ही दोघीच होतो. ऊन खिडकीतून पायांवर आलं होतं.

सौसरचा एक पोरगा आहे, ती हळू आवाजात म्हणाली. पुस्तकांवर लिहितो. दोन पोरांच्या प्रेमाची पुस्तकं – हे सांगताना तिनं माझ्याकडं तिरकं पाहिलं, मी दचकते का म्हणून. मी दचकले नाही. मग ती सांगत गेली. तो लिहितो ते वाचून तिला दिवस सरल्यासारखा वाटतो. ती त्याच्याशी पुरुष बनून बोलते. आधी लाजेपायी, मग सवयीनं. आता भीती वाटते, पोराचा जीव बसला असेल तिच्यावर. इंदूरला गेल्यावर सून मोबाइल बघेल, सगळं बंद करावं लागेल. त्याआधी त्याला खरं सांगून टाकायचं.

“त्याचा जीव बसला म्हणता,” मी म्हटलं. “आन तुमचा?”

तिनं संत्र्याचं साल घडी घालून घालून इवलंसं केलं.

“बसला ना वो... म्हणून तर कागद काढून नाही राहिली मी.”

आता बोलले नसते तर मी माणूस नव्हते.

“तो पोरगा नाही, उर्मिलाताई,” मी म्हटलं. “मी आहे. आठवी पास.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी मोबाइल उघडून तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला. माझी अक्षरं बारीक होती, तिला वाचायला वेळ लागला. मला तिच्या चेहऱ्यावर हसू येताना दिसलं. आलंच होतं जवळजवळ. मग ते थांबलं.

“तुले कवापासून मालूम?”

“पहिल्या मंगळवारपासून.”

“म्हणजे तीन मंगळवार तू पाहत बसली,” ती म्हणाली. “मी इथं येड्यावानी बोलून राहिली, आन तू पाहून राहिली.”

पहिल्यांदाच तिनं मला ‘तू’ म्हटलं होतं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते असं आलं.

तिचा नंबर पुकारला गेला. ती उठली, खिडकीशी गेली, फाइल उघडली आणि दाखला काढून बाबूसमोर ठेवला. बाबू खूश झाला. इतक्या झटपट शिक्का मारलेला मी त्या ऑफिसात कधी पाहिला नव्हता. ती माझ्यासमोरून गेली. साडीचा काठ बाकाला घासला, तेवढाच आवाज.

त्यानंतर तिगाव गप्प. मी दहादा लिहून दहादा पुसलं. शेवटी पाठवलं – ‘पुरुष आहे एवढंच खोटं होतं. बाकी सगळं मीच लिहिलं.’ तिनं वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. त्या आठवड्यात मी एकही पुस्तक पुरं केलं नाही. तीन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या आणि उसवल्या.

रविवारी दुपारी खाली दारासमोर पांढरी गाडी थांबली. चालवणारा चष्मेवाला तरुण खाली उतरला नाही, मोबाइलवर बोलत राहिला. उर्मिलाताई एकटी जिना चढून आत आली. बोर्ड वाचत, विचारत विचारत मला शोधलं असावं. इंदूरचा रस्ता मुलताईकडून जातो. सौसर पार उलट्या दिशेला आहे. तिनं मुलाला चाळीस किलोमीटर उलटं आणलं होतं.

“माहा ब्लाउज झाला काय वो?” ती गाडीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली.

तिचा कुठलाच ब्लाउज माझ्याकडं नव्हता. मी हाताला आला तो उचलला आणि कागदात गुंडाळू लागले. कागद नीट बसेना.

“तू बाई निघाली म्हणून मी रागावली नाही,” ती आता हळू म्हणाली. “तुले माहीत होतं आन मले नाही, म्हणून रागावली. माहीत असतं त साडी तरी बरी नेसली असती. दात तरी बसवला असता.”

“जांभळी साडी बरी होती.”

“गप बस.”

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली.

“त्या पोरावर जीव बसला, तवा मले वाटलं, ह्या वयात हे काय झालं आपल्याले...”

“आन आता?”

“आताबी तेच वाटते. पोरगं गेलं. जीव तिथंच आहे.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. चाळीस कादंबऱ्यांतले पुरुष अशा वेळी काय काय बोलले ते मला पाठ होतं. माझ्या तोंडून एवढंच आलं, “जाऊ नका.”

“दाखला देऊन बसली ना म्या. रागात देल्ला.” ती हसली, दात नसलेलं, पूर्ण. “राग उतरायच्या आंधी शिक्का लागला वो.”

अंकुरनं हॉर्न वाजवला. तिनं कमरेची किल्ली काढून माझ्या मशीनवर, कापडाखाली सरकवली. घर वर्षभर तरी विकायचं नाही, असं तिनं मुलाकडून वदवून घेतलं होतं. सौसरची एक बाई दर मंगळवारी येऊन उघडून जाईल, झाडून जाईल, असं सांगितलं होतं. मी विचारलं, एवढंच सांगितलं? ती म्हणाली, आता एवढंच. बाकीचं तिला तोंडात यायला वेळ लागेल.

“इंदूरहून महिन्यातून एकदा येईन मी,” ती म्हणाली. “माही विधवा पेन्शन पांढुर्ण्याच्याच बँकेत ठेवली. खातं बदलूच नाही देल्लं.”

जाताना ती वळली. माझ्या खांद्यावर लाल दोरा चिकटला होता, तो तिनं चिमटीत उचलला. फेकला नाही. चालता चालता बोटाला गुंडाळत गेली.

तो ब्लाउज लोधीखेड्याच्या रूपालीचा होता. मी तिला दुसरा शिवून दिला, उंदरानं कुरतडला म्हणून सांगितलं.

मंगळवारी मी तिगावला उतरले. घर मिळायला वेळ लागला नाही. कुलूप कडक होतं. आत दोन खोल्या, चुलीशेजारी पालथी घातलेली भांडी, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, आणि खिडकीशी एक रुंद खाट. मी झाडलं, पुसलं, मूर्तीवरची धूळ काढली. मग करण्यासारखं काही उरलं नाही. बाहेरून एक मालगाडी गेली, फार लांब होती, संपता संपेना. ती गेल्यावर घर आणखीच रिकामं वाटलं. मी खाटेवर बसले आणि नवी कादंबरी उघडली.

मोबाइल वाजला. ॲपवरचा निरोप नव्हता, फोन होता. वर्षभरात पहिल्यांदा.

“पोचली?”

“पोचले.”

मागं इंदूरच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग दार लावल्याचा आवाज आला, आणि टीव्ही थांबला.

“कुठं बसून राहिली?”

“खाटेवर.”

“कोन्या बाजूनं?”

“खिडकीकडं.”

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

“ते माही बाजू आहे,” ती म्हणाली.

“सरकू काय?”

“नोको,” ती म्हणाली. “तिथंच राय.”