खुम्बिलाखालचा गोठ

गावावरच्या खुम्बिला डोंगराच्या नजरेत मांस निखाऱ्यावर भाजायचं नाही. त्या वासाने डोंगर कोपतो. का, असं विचारायचं नाही.

यांगजीने लहानपणी विचारलं होतं आणि आईचा धपाटा खाल्ला होता. आता ती काठमांडूहून कॉलेज संपवून गावी आली होती. धाकटा भाऊ कामी हरवलेला याक शोधायला वर गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. पाय मोडलाय, वरच्या गोठात, याकवाल्यांच्या दगडी झोपडीत पडलोय. "भुकेने जीव चाललेला, ताई. सुकं मांस निखाऱ्यावर भाजून खाल्लं," म्हणाला आणि फोन बंद पडला.

यांगजीने हे ग्याल्झेनकाकांच्या चुलीपाशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कामीला उचलून आणायला उठलेले चौघे पुन्हा खाली बसले.

"उजाडल्यावर बघू," काका म्हणाले.

"रात्रभरात गोठून जाईल तो!"

"कॉलेजवाल्या बाई, जरा बसा. पोरांनो, तुम्हीही ऐका." काकांनी लोण्याच्या चहाचा घोट घेतला. "नोर्बू माझा जोडीदार. नऊ वर्षांमागे, डिसेंबरची अकरा तारीख. हाही याकामागे गेला, त्याच गोठात अडकला. त्यानेही मांस भाजलं. वास पार इथवर आला. साडेनऊला पहिली हाक. 'ग्याल्झेन...' मी दारापर्यंत गेलो. म्हातारे म्हणाले, तो नोर्बू नाही. ओ देऊ नकोस."

चुलीतलं लाकूड तडकलं. पोरं एकमेकांना चिकटली.

"दहाला पुन्हा. जवळून. मग भिंतीपाशी... कुत्री चुलीमागे शिरली. भुंकेनात. साडेअकराला हाक थांबली."

"मग?" एका पोराने विचारलं.

"सकाळी गेलो. नोर्बू चुलीसमोर बसलेला... गेलेला. निखारे लाल. त्यावर मांस. हात लावला." काकांनी बोटं चोळली. "बर्फ. दगडासारखं. लाल निखाऱ्यांवर..."



"आवाज त्याचाच होता ना, काका?" यांगजीने विचारलं.

"होता."

"हाक भिंतीपाशी कशी आली, मांस कसं गोठलं, मला नाही सांगता येत. कोणालाच येणार नाही. पण निखारे लाल होते ना? म्हणजे पहाटेपर्यंत तो लाकूड घालत होता. तुम्ही याल म्हणून."

काकांनी पेला खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

तिने बॅटरी घेतली, दोर खांद्यावर टाकला. "मी नाही थांबणार. कोण येतंय?"

म्हातारे चुलीकडे बघत राहिले. यांगजीने दार उघडलं आणि एकटीच चढणीला लागली.